दीड वेढा

"गाडी उंच करायची हाय, श्रावणभाऊ," मुकुंद म्हणाला आणि श्रावणच्या हातातला पाना नटावरच थांबला. बोलणं एवढंच. लुना बंद न करता, एक पाय जमिनीला टेकवून, पंक्चर काढायला सांगावं तशा आवाजात. पांढुर्ण्याच्या नागपूर रोडवरून दुपारचे ट्रक जात होते, त्यांची धूळ मुकुंदच्या पांढऱ्या पायजम्यावर बसत होती. चार वर्षं आपण याच वाक्याची वाट पाहत होतो हे श्रावणला तेव्हा कळलं. त्याला वाटायचं, हा माणूस एक दिवस शिव्या देत येईल. गॅरेजच्या दारात उभा राहून चार लोकांसमोर बोलेल. किंवा गाडीचं नावच कधी काढणार नाही, आणि त्याची ती फियाट संत्र्याच्या गोदामात विटांवर उभी राहून गंजून जाईल. शिव्या त्याने मनात कितीदा ऐकल्या होत्या, त्यांना उत्तरंही तयार होती. हा साधा आवाज त्याने मनात कधी ऐकला नव्हता.

"कायले?" तो विचारून गेला, आणि विचारल्याबरोबर त्याची त्यालाच लाज वाटली.

"बापूजीले नागपूरले न्यायचं हाय. मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यानं दिसत नाई आता. बसनं येत नाई म्हनतात. म्हने, नेशीन त विजयाच्या गाडीनं ने."

बापूजी म्हणजे विजयाचे वडील, मुकुंदचे सासरे. त्यांचं गाव सौंसरच्या पलीकडे, नाल्यापार. गावात शिरायचं तर नाल्याच्या रपट्यावरून जावं लागतं. पूल नाही, नाल्याच्या तळालाच ओतलेला सिमेंटचा पट्टा, पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहतं आणि गाड्या पाण्यातूनच जातात. चार वर्षांत मुकुंद त्या गावाला गेला नव्हता. "विजयाची गाडी." ती गाडी विजयाची कधीच नव्हती. सारं पांढुर्णा तिला मुकुंदचा शौक म्हणायचं, आणि विजया गेल्यावर त्याच लोकांनी त्याच शब्दाचा दगड केला. शौकापायी बायको गेली. पोटातलं लेकरू गेलं. मुकुंद ते ऐकून घ्यायचा, दुकानात बसून संत्र्याचे भाव सांगायचा. श्रावणचं नाव त्यात कोणी घेतलं नव्हतं. मिस्तरीचं नाव कोण घेतं?

शांताबाई पाणी घेऊन बाहेर आली. श्रावणची बायको कोणी दारात आलं की आधी पाणी आणणार, मग कोण आहे ते पाहणार. मुकुंदच्या बापाने या दारातलं पाणी आयुष्यात घेतलं नव्हतं. मुकुंदने पहिल्याच दिवशी, बारा वर्षांपूर्वी, स्कूटर घेऊन आला तेव्हा मागून घेतलं होतं. आता त्याने लुना बंद केली, पेला रिकामा केला आणि विचारलं, "ते स्प्रिंगांचे कापलेले तुकडे हायेत का ठेवलेले? जोडता येईन का?"

"कापलेली स्प्रिंग जोडता नाई येत, बाबू. वेल्डिंग केली त पहिल्याच खड्ड्यात तुटते."

"हायेत न पन," शांताबाई मधेच म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक. "एक त माठाखाली हाय माह्या. ह्यायनं तापवून चपटं करून देल्लं. माठ असा बसते की हालत नाई. चांगलं लोखंड हाय बापा तुमच्या गाडीचं."

दार उघडं होतं. आत ओट्यावर माठ, माठाखाली काळं कडं. मुकुंद तिकडे पाहत राहिला. श्रावणला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मुकुंदने पेला पुढे केला. "अजून दे, वहिनी. गार हाय."

तो गेल्यावर श्रावण हातातला जीपचा नट पिळतच राहिला, आटे जाईपर्यंत. कडं केलं तेव्हा विजया जिवंत होती, ही गोष्ट तो कोणाला सांगणार होता? कापल्याच्या दुसऱ्याच दिवशी, खुशीत, त्याने ते केलं होतं. दोन स्प्रिंगांचे दोन तुकडे, दीड दीड वेढ्याचे. एक माठाखाली गेला, दुसरा दाराच्या खिळ्याला टांगला. मग तीन महिन्यांनी ते घडलं. शांताबाईला तो म्हणाला होता, "काढून टाक ते." ती म्हणाली, "काऊन? आता कुठं माठ नीट बसला." त्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. तेव्हापासून तो रोज त्या कड्यावरचं पाणी पीत आला. उन्हाळ्यात माठ पाझरून कडं ओलं व्हायचं, गंजाचा एक लाल ओघळ ओट्यावरून खाली यायचा, शांताबाई तो राखेने घासायची आणि तो पुन्हा यायचा.

आणि ते दिवस किती चांगले होते! हे त्याला सगळ्यात जास्त छळायचं. एकोणीसशे त्र्याऐंशीचा उन्हाळा. मुकुंद मुंबईहून एक जाड, गुळगुळीत कागदाचं परदेशी मासिक घेऊन आला होता, त्यात एका पानावर नुसती चाकं. जाळीचं चाक, पाच काड्यांचं चाक, मोठ्या भोकांचं चाक. विजया, मुकुंद आणि श्रावण, तिघं गोदामात संत्र्याच्या पेट्यांवर बसून ते पान पाहायचे. खाली तणस, वर पत्रा तापलेला, सगळीकडे सालींचा कडूगोड वास. श्रावणने जन्मभर एकच काम केलं होतं: बिघडलेली वस्तू होती तशी करून देणं. गाडी कंपनीतून निघाली त्या दिवशी जशी होती त्याच्या थोडी अलीकडे आणून ठेवायची, आणि ती पुन्हा बिघडेपर्यंत थांबायचं. कोणी त्याला पहिल्यांदाच विचारत होतं की कंपनीपेक्षा चांगली करता येईल का. लहानपणी झाडाच्या शेंड्यावर चढल्यावर वाटायचं तसं त्याला वाटलं होतं.

मुकुंदला जाळीचं चाक आवडलं होतं. श्रावण म्हणाला, जाळीत आपल्या रस्त्याचा चिखल बसेल, चाक एका बाजूला जड होईल, साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरेल. विजया हसली. "म्हणजे चाकानं पण रोज आंघोळ केली पाहिजे." शेवटी पाच काड्यांचं ठरलं. नागपूरच्या एका दुकानातून चार अॅल्युमिनियमची चाकं आली तेव्हा मुकुंदने ती संत्र्याच्या काट्यावर चढवली. एका पारड्यात जुनं लोखंडी चाक, दुसऱ्यात नवं. लोखंडाचं पारडं खाली गेलं आणि नवं चाक वर झुलत राहिलं, तेव्हा तिघांनी लहान पोरांसारख्या टाळ्या वाजवल्या. नवं चाक त्याने दोन्ही हातांत उचललं होतं. इतकं हलकं की हातांना फसवल्यासारखं वाटलं. रुंद टायर आले, त्यांच्या रबराचा नवा वास. टायरच्या अंगावर इंग्रजी अक्षरं होती. श्रावण मराठी वाचायला शिकला तोच चाळिशीत, विहारातल्या रात्रीच्या वर्गात. इंग्रजी त्याच्यासाठी नुसत्या रेघा होत्या. विजया सौंसरच्या शाळेत शिकवायची. तिने टायर उभा केला आणि त्याचं बोट धरून एकेका उठावाच्या अक्षरावरून फिरवलं. "हा आर. रेडियल मधला आर. डोळ्यानं नाही लक्षात राहत तर बोटानं ठेवा, श्रावणभाऊ." अजूनही कुठला टायर हाताखाली आला की त्याचं बोट आपोआप आर शोधतं.

मग एकेक होत गेलं. हेड मशीनवर घासून आणलं, म्हणजे इंजिनाचा दाब वाढला. दोन तोंडांचा कार्बोरेटर बसवला. गियरचा दांडा स्टिअरिंगवरून काढून खाली आणला. सायलेन्सर सरळ पाइपाचा, पोटाखालून मागेपर्यंत एक रेघ. गाडीचा आवाज बदलला. श्रावण अंगणात झोपलेला असायचा आणि दूर मोहगाव रोडवर तो आवाज आला की तो शांताबाईला म्हणायचा, "ऐक, ऐक, आता तिसऱ्यात टाकली." शांताबाई म्हणायची, "मले आयकू येत नाई काई. तुमचीच पोरगी असल्यावानी करून राहिले." पोरगी त्यांना नव्हती, मुलगाही नव्हता. ती सहज बोलून गेली, आणि मग तिने चादर डोक्यावर ओढून घेतली.

सगळ्यात शेवटी खाली बसवणं. रुंद चाकावर उंच गाडी बरी दिसत नाही, वळणावर अंग टाकते. मुकुंद म्हणाला होता, "किती कापायची?" आणि हे त्याला लख्ख आठवतं. मुकुंद एकच वेढा म्हणाला होता. एक. श्रावणनेच हाताने दाखवून सांगितलं, "दीड कापू. एकानं मजा नाई येत." पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा दीड दीड वेढा, मागच्या पाट्यांतला एकेक पाटा कमी. गाडी जमिनीला टेकून बसली, उडी घ्यायच्या आधी मांजर बसतं तशी. त्याच दुपारी विजया शाळेतून आली. तिला तिसरा महिना होता, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. तिने पर्स बॉनेटवर ठेवली, पदर खोचला आणि उकिडवी बसून सायलेन्सर आणि जमीन यांच्यामध्ये आपल्या हाताची वीत घातली. वीत मावली नाही. अंगठा आणि करंगळी तिला जवळ आणावी लागली. "वीतभर पण नाही," ती म्हणाली. मग मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मुकुंदकडे नाही. "आमच्या नाल्यावर पाणी असते, भाऊ. तिथून जाईन न?"

त्याला माहीत होतं. हेच तर होतं. त्याला पक्कं माहीत होतं. एवढ्या खाली पंख्याने पाणी उडवलं की ते थेट इंजिनाला ठिणगी देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर येणार, आणि सायलेन्सर बुडून इंजिन गुदमरणार. वीस वर्षांत अशा किती गाड्या त्याने नाल्यांतून ओढून काढल्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो तर मुकुंद म्हणेल, मग कशाला कापली, चढव पुन्हा. आणि ती मांजर तिथं उन्हात बसली होती, इतकी देखणी, त्याच्या हातची. पोळ्याच्या गोटमारीत दगड लागून फुटलेल्या भिवईवरची जुनी खूण खाजवत श्रावण हसून म्हणाला, "काई नाई होत, ताई. मी हाय न."

ती उठली. गुडघ्यावरची माती झटकली. तिने मान डोलावली, शाळेतल्या पोराचं उत्तर बरोबर आल्यासारखी.

श्रावण महिना. सातवा लागण्याआधी ती माहेरी गेली होती, मुकुंद तिला परत आणायला गेला, आणि त्या दिवशी सकाळपासूनच तिच्या पोटात दुखत होतं, रक्त जात होतं. नाल्यावर पाणी होतं. गाडी रपट्याच्या मधोमध बंद पडली. ट्रॅक्टर येईपर्यंत पाऊण तास गेला. सौंसरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. श्रावणला ही बातमी दुसऱ्या दिवशी एका ट्रक ड्रायव्हरने चहा पिता पिता सांगितली. "तुमच्याच हातची गाडी होती म्हने." म्हणे. महिन्याभराने तो नागपूरला गेला आणि फियाटच्या नव्या, न कापलेल्या दोन स्प्रिंगा घेऊन आला. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून त्याने त्या माळ्यावर ठेवल्या. जुनी लोखंडी चाकं होतीच. कोणी विचारलं नाही. दर पावसाळ्यात तो पोतं सोडायचा, ग्रीस बदलायचा, पुन्हा बांधायचा.

मुकुंद लुनावर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रावण ते पोतं सायकलला बांधून गोदामात गेला. गाडीवर तणसाचा भुगा जमला होता. एका पुढच्या सीटवर उंदरांनी घर केलं होतं. मुकुंद पेटीवर बसून राहिला, नोकरांना त्याने घरी पाठवलं होतं. टाकीतलं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं, कार्बोरेटर चिकट. दोन दिवस त्यातच गेले. एकेका गोष्टीवर श्रावण थांबायचा आणि विचारायचा. सायलेन्सर? "जुना लाव." पाटे? "लाव." चाकांचं विचारलं. मुकुंद उठला, पाच काड्यांच्या चाकावरून त्याने हात फिरवला, बोटं काळी झाली. "हे बी काढ." ती चार चाकं त्यांनी संत्र्याच्या दोन पेट्यांत तणस घालून भरली, खिळे ठोकले. आत काय आहे हे कोणी पेटीवर लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्प्रिंगा. श्रावण गाडीखाली पाठीवर पडून होता. शिकंजा लावून जुनी स्प्रिंग दाबली, सैल केली, आणि ती त्याच्या छातीवर आली. कापलेलं टोक होतं तसंच, करवतीच्या खुणांसकट. त्या खुणांमध्ये नाल्याची वाळलेली माती. त्याने नखाने ती काढली. खालून त्याला मुकुंदची फक्त पावलं दिसत होती, चपला, टाचांच्या भेगा. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच कदाचित ते निघालं.

"बाबू. ताईनं मले विचारलं होतं. रपट्याचं. मी म्हटलं, काई नाई होत. मले माहीत होतं तरी म्हटलं."

पावलं हलली नाहीत. बाहेर कुठंतरी पोळ्यासाठी बैलाची शिंगं घासत होते, तो खरखर आवाज येत राहिला.

"माहीत हाय मले," मुकुंद म्हणाला.

"ताईनं सांगतलं?"

"गाडीतच. मी थांबलो होतो न रपट्याच्या तोंडाशी. पानी पाहून थांबलो होतो. बस गेली निघून. म्हटलं, जीप येऊ दे एखादी, तिच्यात टाकून नेतो. ती मागं पडून होती. म्हने, काऊन थांबले? श्रावणभाऊनं सांगतलं हाय, काई नाई होत. चला. दोनदा म्हनली."

श्रावणने छातीवरची स्प्रिंग बाजूला ठेवली. चार वर्षं त्याला एकच भीती होती, हे मुकुंदला कळेल. आणि मुकुंदला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. त्या रपट्याच्या तोंडाशीच कळलेलं. गाव त्याला बोलत होतं तेव्हाही. स्कूटर, पुढे लुना, दर सहा महिन्यांनी तो श्रावणकडेच आणायचा आणि पाणी मागून प्यायचा.

"मंग तुम्ही मले काऊन नाई..."

"काय म्हननार होतो? मी बी मानलंच न तुझं. मले बी गाडी चांगलीच दिसून राहिली होती." मग तणसावर चप्पल घासत, "आन तिनं तुझं नाव घेतलं होतं. शेवटचं जे बोलली त्यातलं. ते घेऊन लोकायसमोर काय भांडू?"

पावलं वळली आणि गोदामाच्या दाराकडे गेली. श्रावण खालीच राहिला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. हातांनी नवी स्प्रिंग धरली, बसवली, शिकंजा एकेक पेर सोडला, गाडी त्याच्यावरून हळूहळू वर गेली आणि दोघांमधली जागा वाढत गेली. बाहेर आल्यावर त्याने मुकुंदला सायलेन्सरखाली उकिडवं बसलेलं पाहिलं. मुकुंदने वीत घातली. मावली, वर दोन बोटं उरली. त्याचा हात मोठा होता. तिचा लहान होता, तिची तर दीड वीत मावली असती.

"आता जाईन?" मुकुंदने विचारलं.

श्रावणचं तोंड उघडलं. तेच शब्द जिभेवर आले, तेच, वीस वर्षांच्या सवयीचे, गिऱ्हाइकाला सांगायचे. त्याने ते गिळले. "सांगता येत नाई, बाबू," तो म्हणाला. "मी येतो संगं. पान्यात मी समोर चालतो. माह्या मांडीले पानी लागलं की तुम्ही थांबा."

शनिवारी सकाळी निघाले. सौंसर सोडलं, जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्यांच्या बैलगाड्या मागे पडल्या. नव्या उंचीवरून रस्ता परका दिसत होता. गाडीचा आवाज बारीक, कंपनीचा, कोणाच्याही गाडीसारखा. मुकुंद खड्डे चुकवत होता. मागची सीट रिकामी होती आणि आरशात तीच दिसत होती, म्हणून श्रावणने आरसा नकळत थोडा वर केला. मुकुंदने पाहिलं, पण तो परत खाली केला नाही.

रपटा आला. मुकुंदने तोंडाशी गाडी थांबवली, बरोबर कुठे थांबवायची हे त्याला माहीत होतं. श्रावण उतरला आणि उभाच राहिला.

नाल्याला पाणी नव्हतं. यंदा पावसाने ताण दिला होता, पांढुर्ण्यात रोज सगळे तेच बोलत होते, आणि तरी या दोघांच्या मनात ते आलं नव्हतं. त्यांच्या मनातल्या नाल्याला चार वर्षं पूरच होता. सिमेंटचा पट्टा कोरडा, पांढरा, त्याच्यावर शेणाचे पो वाळलेले. कडेला एका डबक्यात टिटव्या. मधोमध, जिथं कदाचित ती जागा असेल, एक शेळी बसून रवंथ करत होती.

मागून इंजिनाचा आवाज येत होता. मुकुंदने बंद केलं नव्हतं.

श्रावणने चपला काढल्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग तो रपट्यावर उतरला आणि चालू लागला, एकेक पाऊल, तळवा टेकवून, पाण्याखालचा खड्डा चाचपत चालतात तसा. सिमेंट तापलेलं होतं. मागून पहिल्या गियरमध्ये गाडी हळूहळू येत राहिली, त्याच्यापासून चार हातांवर. पलीकडच्या काठावर म्हशी घेऊन उभी असलेली एक म्हातारी कपाळावर हात धरून पाहत होती.

"अवो मिस्तरी," ती हसत ओरडली, "पानी कुठं हाय? काय शोधून राहिले?"

तो चालत राहिला. मधल्या जागेपाशी शेळी उठून बाजूला झाली. तिथं तो थांबला. एक हात मागे करून त्याने गाडी थांबवली. मुकुंदने ब्रेक दाबला. श्रावण उकिडवा बसला, कोरड्या सिमेंटवर त्याने आपली वीत टेकवली, आणि वर, हवेत, दुसऱ्या हाताने पाण्याची ती उंची दाखवली जी त्या दिवशी तिथं असेल. हात तसाच धरून तो बसून राहिला. म्हातारी हसायची थांबली. मागे इंजिन चालू होतं.